दादा, तुमच्या बहिणीच्या दातांबद्दल

तीर्थस्वरूप दादांना नमस्कार (साष्टांग समजावा, गुडघे हल्ली ऐकत नाहीत). वहिनींची पाठ आता बरी असेल. इकडे सगळे ठीक आहेत, फक्त तुमच्या बहिणीवर माझा संशय आहे.

गेल्या आठवड्यात तिनं जाहीर केलं की पुढच्या चार दातांवर व्हिनिअर बसवणार. म्हणजे दातावर चिकटवायचा चिनीमातीचा पातळ पापुद्रा. दात चांगले धडधाकट, मग पन्नाशीत ही उठाठेव कशाला? कुणाकडे बघून हसायचंय? (माझ्याकडे बघून हसावं असं तिला आजवर काही सापडलेलं नाही.) मी सोबत गेलो. सोबत म्हणजे पाळतीवर.

दातांच्या डॉक्टरचे स्वतःचे दात नव्या बेसिनसारखे, तिथेच मनात पाल चुकचुकली. त्यानं रंगांच्या नमुन्यांची पट्टी काढली. आता भिंतींचे रंग विकण्यात माझा जन्म गेला. दिव्याखाली पसंत केलेला रंग घरी गेल्यावर दगा देतो, हे मला कुणी शिकवायला नको. मी बायकोला खुर्चीतून उठवलं, रस्त्यावर उन्हात उभं केलं आणि एकेक नमुना तिच्या दातांना लावून पाहू लागलो. (समोरच्या न्हाव्यानं गिऱ्हाईक अर्धवट सोडलं.) मागोमाग आलेल्या डॉक्टरला मी सुचवलं की आधी एका दातावर रंगाचा एक हात मारून दाखवा, नाही आवडलं तर खरवडून टाकू. तो शांतपणे म्हणाला, खरवडायचा आहे तो मूळ दातच, आणि तो गेला की परत येत नाही.

तो आत गेल्यावर मी तिला विचारलं, "खरं सांग, कुणासाठी?"

ती म्हणाली, "शाळेपासून तोंडावर हात धरून हसतेय. आता हात दुखायला लागला."

मला इतकी वर्षं वाटत होतं की ती लाजते. फार वाईट वाटलं, दादा. निमूटपणे पट्टी परत केली आणि सोमवारची वेळ घेतली. विषय संपला.

कळावे, लोभ होता तेवढा ठेवावा.
तुमचा रंगवाला मेहुणा

ता. क. विषय संपलेला नाही. शाळेत तिला 'फावडी' म्हणायला पहिल्यांदा कुणी सुरुवात केली, ते तिनं घरी येताना सांगितलं. सोमवारच्या आत या आणि चुकलं म्हणा. दात अजून शाबूत आहेत.

आणखी ता. क. तिनं पत्र वाचलं. म्हणते, दात मी करणारच, दादाला माफीबिफी मागायला बोलावू नका. एवढंच लिहा, की आरशासमोर उभा राहून एकदा तोंडभर हस. बाबांचे दात आपल्या दोघांना सारखेच मिळालेत.