माझ्या माघारी तिला चहा कोणी पाजावा

मी, खाली सही करणारा, लिफ्ट दुरुस्तीच्या कामातून निवृत्त झालेला, शिक्षण आठवीपर्यंत, हा कागद माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. स्मरणशक्तीही ठीक आहे. गॅस बंद केला की नाही हे बघायला मी पुन्हा पुन्हा उठतो, ते विसरतो म्हणून नव्हे, खात्री वाटत नाही म्हणून. मला कोणी धमकावलेले नाही की दारू पाजून लिहून घेतलेले नाही. दारू या घरात कायम मीच दुसऱ्यांना पाजली, तीही घरी केलेली आणि बहुतेक वेळा फसलेली. याआधी मी असा कागद कधी केलेला नाही.

आत्ताच करण्याचे कारण असे की येत्या मंगळवारी माझे ऑपरेशन आहे. पोटातली मोठी रक्तवाहिनी एका जागी फुगली आहे. डॉक्टरांनी चित्र काढून दाखवले. मी म्हणालो, "समजलं. बाटलीत फेस जास्त झाला की काच जिथं पातळ तिथंच जाते." ते म्हणाले, "तुम्ही काळजी करू नका." हे मला लोक आयुष्यभर सांगत आले आहेत.

वकीलबाईंनी नमुन्याचा कागद दिला होता. त्यात घर, पैसे, दागिने, सगळ्याला जागा आहे. मी विचारले, "बायकोच्या जेवणाचं कुठं लिहू?" त्या म्हणाल्या, "आजोबा, मृत्युपत्रात वस्तू देता येतात. माणसाला भरवायचं काम कसं देणार?" पण मला नेमके तेच ठरवायचे आहे. मी ऑपरेशनच्या टेबलावरून उठलो नाही तर माझ्या बायकोला कोण भरवणार? बाकीची कलमे मी त्या प्रश्नाच्या अवतीभवती लिहिली आहेत.

१. राहते घर, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागचा सज्जा, माझ्या बायकोने हयातभर वापरावे. तिच्या इच्छेविरुद्ध तिला इथून कोणी हलवू नये. तिच्यानंतर ते मुलगा आणि मुलगी यांच्यात सारखे वाटावे. बँकेतले पैसे तिच्या औषधांना आणि मदतनीस बाईच्या पगाराला वापरावेत. ते वकीलबाईंनी बघावे.

२. तिच्या खाण्यापिण्याविषयी. हे कलम दोनदा वाचावे.

तिला झटका आला तेव्हापासून उजवी बाजू गेली, बोलणे गेले आणि गिळणे बिघडले. पाणी, चहा, सूप, जे जे पातळ ते सरळ श्वासनलिकेत उतरते. म्हणून तिचे प्रत्येक पेय घट्ट करावे लागते. त्यासाठी पावडर मिळते. मी ती खाऊन पाहिली, भिंतीला भरायच्या लांबीसारखी लागते. म्हणून मी स्वतः प्रयोग केले. कॉर्नफ्लॉवर घातले, तर कपात छान आणि तोंडात गेल्यावर पुन्हा पातळ. गिळण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, लाळेने तसे होते. मग मी चहात केळे कुस्करले. तो चहा तिने माझ्या शर्टावर थुंकला आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "मेल्या!" झटक्यानंतरचा तिचा तो पहिला शब्द. व्यायामाच्या बाई म्हणाल्या की शिव्या मेंदूत वेगळ्या कप्प्यात असतात. आमच्याकडे तो कप्पा भरलेला होता. आता तिच्याकडे "मेल्या", "नको" आणि "पुरे" एवढे शब्द आहेत आणि ती त्यात सगळे भागवते.

शेवटी पावडरीवरच आलो. आले ठेचून चहा नेहमीपेक्षा कडक करावा, म्हणजे पावडरीची चव मरते. थोडा निवला की पावडर भुरभुरावी आणि चमच्याने नव्हे, काट्याने ढवळावे, नाहीतर गुठळ्या होतात. मग हात लावू नये, थांबावे. चमचा तिरका केला की चहाची धार लागता कामा नये आणि तो चिकटूनही बसता कामा नये. एका गोळ्यासारखा सावकाश घसरला पाहिजे. तिला ताठ बसवावे, हनुवटी खाली. भरवणाऱ्याने समोर खुर्ची घेऊन बसावे. प्रत्येक चमच्यानंतर "आ" म्हणायला लावावे. आवाज ओला, घरघरल्यासारखा आला तर थांबावे. तोंडात घोट असताना तिच्याशी बोलू नये. ती टेलिफोन ऑपरेटर होती, कोणी बोलले की उत्तर द्यायची तिला सवय आहे.

३. स्वयंपाकाची भांडी मुलीला. लग्न झाल्यावर बायको मला म्हणाली होती, "मला स्वयंपाक येत नाही, आणि शिकायचाही नाही. दिवसभर लोकांचं ऐकून मी घरी येते, मग कढईचं ऐकणार नाही." तेव्हापासून ओटा माझा. पहिल्या दिवशी बटाट्याच्या रश्शात मी मीठ घातले की नाही याची खात्री वाटेना म्हणून पुन्हा घातले, आणि नंतर पुन्हा. तिने ताट संपवले, तांब्याभर पाणी प्यायली आणि म्हणाली, "उद्यापासून मीठ घातलं की डबा उलटा ठेवत जा." मी अजून उलटा ठेवतो. मुलीने भांडी घेताना डबा सरळ करून घ्यावा, झाकण सैल आहे.

मोठे पातेले यादीत शोधू नये. ते मेव्हण्याने नेले ते परत आले नाही. याच मेव्हण्याने माझी सफरचंदाची दारू तयार व्हायच्या आधी चोरून प्यायली आणि माझ्या हाताला चव नाही म्हणून नातेवाइकांत सांगत सुटला. पातेल्याचे झाकण माझ्याकडे आहे. ते त्याला द्यावे.

४. फळांचा रस काढायचे यंत्र. हे मी भंगारात निघालेल्या लिफ्टच्या सुट्या भागांतून केले. तेही मुलीला. मुलाला माझी पाने आणि पक्कड द्यावी. तो वापरणार नाही, पण नाही दिली तर नाराज होईल.

सज्ज्यातल्या बाटल्या कोणालाही देत नाही. त्या उघड्यावर नेऊन, वर ओला टॉवेल टाकून, तोंड लांब धरून उघडाव्यात आणि ओतून द्याव्यात. एका उन्हाळ्यात माझे आल्याचे फसफसणारे पेय दुपारी एकापाठोपाठ एक फुटले आणि फरशीतून गळून खालच्या टेलरमास्तरांच्या दुकानात एका नवरदेवाच्या कोटावर पडले. मास्तर कोट घेऊन वर आले. "लिफ्टवाले, वास घ्या. नवरदेव मांडवात आंबणार माझा." मी म्हणालो, कोट छताच्या इतका जवळ टांगायचा नसतो. बायको माझ्यामागे उभी राहून हसली, ते मास्तरांना लागले. तेव्हापासून आमचे बोलणे बंद. यात माझी चूक होती असे मला अजून वाटत नाही. उन्हाळा जास्त होता.

५. मुलाविषयी. माझ्या डोळ्याचे ऑपरेशन होते तेव्हा ती मुलाकडे होती. तिथे तिला साधे सूप पाजले. ते छातीत गेले, न्यूमोनिया झाला.

मुलगा म्हणाला, "बाबा, दोनच चमचे होतं."

"घट्ट केलं होतंस?"

"सूप घट्ट केलं तर ते सूप कसलं?"

तो वाईट नाही. दवाखान्यात खुर्चीवर बसून तो घाबरून पांढरा पडला होता. पण त्यानंतर त्याने आईसाठी एक संस्था शोधली. "फार स्वच्छ आहे, बाबा. लिफ्टसुद्धा आहे." लिफ्ट आहे म्हटल्यावर मी विरघळेन असे त्याला वाटले असावे. मी जाऊन बघितले. लिफ्ट चांगली होती. तिथल्या कामाच्या मुलीही चांगल्या होत्या, पण उभ्याने भरवत होत्या, आणि डोळे पुढच्या पलंगावर. म्हणून लिहितो की तिला तिथे ठेवू नये. मुलाने याचा राग मानू नये. मानला तरी लिहिलेले बदलत नाही.

६. मुलीविषयी. तिला भरवणे येते, पण तिची नोकरी फिरतीची. या घरी ती महिन्यातून एखादे दिवस. फोनवर म्हणाली, "बाबा, मी नोकरी सोडून येते." फोनचा आवाज मोठा होता. बायकोने डावा हात टेबलावर आपटला, "नको!" मी म्हटले, "अगं, ती स्वतःहून म्हणतेय." पुन्हा हात आपटला. त्या नोकरीसाठी मुलीने काय काय केले ते तिला माहीत आहे. म्हणून मुलीला मी हे काम देत नाही. तिने जमेल तेव्हा यावे आणि रडत येऊ नये.

७. हे कलम खोडले आहे. खोडले तिथे माझी सही आहे. वकीलबाई म्हणतात, खोडलेले पुन्हा लिहायचे नसते, पण ते समजले नाही तर पुढचे समजणार नाही.

मागच्या महिन्यात तपासण्यांसाठी मी दिवसभर दवाखान्यात होतो. मुलगी यायची होती, तिची गाडी अडकली. मदतनीस बाई तिची वेळ झाल्यावर दार नुसते लोटून निघून गेली. हे मला दवाखान्यात फोनवर समजले. मी हाताची पट्टी न काढता निघालो. जिना चढताना वरून ऐकू आले, "मेल्या!" घरात तर कोणी नव्हते, मग ती कोणाला बोलतेय?

आत टेलरमास्तर बसले होते. समोर खुर्ची घेऊन. गळ्यात मोजायची टेप, हातात कप.

"लिफ्टवाले, हा चौथा चहा परत पाठवलाय. गिऱ्हाईक कडक आहे."

"तुम्हाला इथं कोणी बोलावलं?"

"हिनं. काठी आपटत होती. मला वाटलं, परत बाटल्या फुटल्या."

"चहा घट्ट..."

"कपाटावर लिहिलंय की. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय आहेत तुमचे, पण लागलं वाचायला."

त्यांनी काट्याने पाचवा कप ढवळला आणि थांबले. चमचा तिरका करून तिला दाखवला, जसे कापड दाखवतात. तिने हनुवटी खाली घेतली. प्यायली. "आ" म्हणाली, आवाज कोरडा होता. मग मास्तरांनी कपाळावरचा घाम टेपने पुसला आणि ती हसली. झटक्यानंतर तोवर ती माझ्यासमोर हसली नव्हती. मी भरवतो तेव्हा माझ्या तोंडाकडे बघून तिलाच काळजी वाटत असावी. मास्तरांना मी धन्यवाद दिले नाहीत. "दार लोटून घ्या," एवढेच म्हणालो.

काल मी वरची सहा कलमे तिला वाचून दाखवली. मग विचारले, "संस्थेत?" "नको." "मुलगी?" "नको." आणखी कोणी उरले नव्हते, आणि ती काठीने फरशी ठोकू लागली. सावकाश, खालच्या दिशेने. मला ते पहिल्याच ठोक्याला समजले होते. तरी तिला बराच वेळ ठोकायला लावले.

मग मी सातवे कलम लिहिले की पुढची खोली टेलरमास्तरांना, ते तिला रोज चहा पाजतील या अटीवर. कागद घेऊन खाली गेलो. त्या दुकानात इतक्या वर्षांनी पाय ठेवला. छतावर तो डाग अजून आहे. मास्तरांनी चष्मा लावून वाचले.

"हे काढा."

"का? खोली लहान वाटते?"

"अट घातलीत की मी नोकर झालो. नोकर वेळ झाली की दार लोटून जातो, तुम्ही बघितलंय."

"मग तुम्ही याल याची खात्री काय?"

"खात्री काही नाही." त्यांनी दोरा दाताने तोडला. "चौथ्यापर्यंत तिनं परत पाठवला. पाचवा प्यायली, पण नाक मुरडून. शिवलेलं असं नाक मुरडून कोणी नेलं ना, तर मला जेवण जात नाही. म्हणून येईन."

"पण कागदावर काहीतरी..."

"साक्षीदार लागतात ना? मला करा. साक्षीदाराला त्या कागदातून काही मिळत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. सासऱ्यांच्या कागदावर मोठ्या हौशीनं सही केली आणि त्यांनी माझ्या नावावर ठेवलेलं शिलाई मशीन गेलं."

मी वकीलबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, खरे आहे, मास्तरांनी साक्षीची सही केली तर त्यांना दिलेली खोली त्यांना मिळणार नाही. मी ती रात्र कशी काढली ते मला माहीत. खोलीने माणूस बांधला जातो असे मला वाटत होते, आणि हा माणूस बांधून घ्यायला तयार नाही. मी बायकोला विचारले, "काय करू? खोडू?" ती म्हणाली, "पुरे." मी खोडले.

८. सोमवारी मास्तर वर येऊन माझ्यासमोर चहा करणार आहेत. मी मध्ये बोलणार नाही असे कबूल केले आहे. ते पाळणे जमेल असे वाटत नाही. मंगळवारनंतर कोणी मला विचारू शकणार नसेल, तर एवढे लक्षात ठेवावे की पावडरीचा नवा डबा उघडला की तिचा जोर जास्त असतो. थोडी कमी घालावी.

यापुढे तिच्या चहाबद्दल या कागदाच्या जोरावर कोणालाही काहीही बजावता येणार नाही, हे मी समजून उमजून आणि भीत भीत मान्य करतो. वाचून पाहिले. पुन्हा वाचून पाहिले. आमच्या तिघांच्या सह्या एकमेकांसमोर झाल्या आहेत.

ठिकाण : राहते घर, स्वयंपाकघर
दिनांक : १४ मार्च, शनिवार

लिहून ठेवणार : (सही)
शेजारी बसलेली बायको : (डाव्या हाताचा अंगठा. याची कायद्याला गरज नाही, तिने हट्टाने लावला.)

साक्षीदार : (सही) गिळण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या बाई

साक्षीदार : (सही) टेलरमास्तर, खालचे दुकान. मला यातून काही मिळणार नाही हे वाचून सही केली. सोमवारी दुकान चारला बंद करतो.