घासलेल्या कडा

औलू, ३ सप्टेंबर

प्रिय दादा,

तुम्ही सगळे मजेत असाल. व्हेन्लाची शाळा सुरू झाली असेल. तिचा पुढचा दात आला का ते कळव. इकडे थंडी पडायला लागली आहे. यंदा दलदलीत लाक्काची फळं भरपूर आली, तुमच्यासाठी मुरंबा घालून ठेवला आहे. डासांनी मात्र कहर केला. उर्होकाका म्हणत होते, "या ओढ्यात सोन्यापेक्षा डासांचंच वजन जास्त भरेल."

हो, मी बाबांच्या ओढ्यावर होते. सगळी सुट्टी. तुला कळवलं नाही, कारण ओढ्याचं नाव निघालं की तू फोन ठेवून देतोस. म्हणून तर पत्र लिहिते आहे. पत्र अर्धं वाचून टाकून दिलंस तरी निदान ते घरात राहील.

बाबांच्या हृदयाची झडप बिघडली आहे हे तुला मी वसंतातच सांगितलं होतं. ऑपरेशनला सप्टेंबरच्या सुरुवातीची तारीख मिळाली होती. बाबा म्हणाले, तोवर ओढ्यावर राहतो. त्यांना एकटं कसं सोडणार? खोपटाच्या छपराला तू डांबर लावून गेलास, ते अजून गळत नाही. बाबा रोज उठून रबरी बूट चढवायचे, खड्डा खणायचे, सोन्यासाठी परातीत गाळ धुवायचे. मिळायची ती काळी वाळू. गेल्या वर्षीही तेच. परत यायचे आणि वाफेच्या अंघोळीसाठी सौना तापवायचे.

मी म्हणायची, "बाबा, दवाखान्यातून आलात की पुढच्या वर्षी बघू."

"एक सोन्याचा खडा मिळू दे. नखाएवढा. मग ने मला कुठे न्यायचं तिथे," ते म्हणायचे. "रिकाम्या हाताने त्या टेबलावर झोपणार नाही मी."

तू मागच्या आठवड्यात विचारलंस, माझा खडा पाठव, व्हेन्लाला वर्गात दाखवायचा आहे. मी उत्तर दिलं नाही. पत्राच्या पहिल्या ओळीतच त्याबद्दल लिहायला हवं होतं, पण मी मुरंब्याचं लिहिलं.

दादा, तुझा खडा मी बाबांच्या परातीत टाकला.

लहानपणी तुला मिळालेला तो खडा आईच्या अंत्यविधीनंतर तू माझ्या मुठीत कोंबलास. "हा घरात नको, पण फेकवतही नाही. तू सांभाळ," म्हणालास. आई शेवटच्या दिवशी दवाखान्यात होती आणि बाबा ओढ्यावर, हे तू विसरलेला नाहीस, आणि तुझ्या हातचा तो खडा मी त्याच ओढ्यात नेला. बाबा पाणी प्यायला खोपटात गेले आणि मी काठावर ठेवलेल्या त्यांच्या परातीतल्या वाळूत तो दाबला. त्यांच्यासाठी केलं, असं मी स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे मी कंटाळले होते. मला घरी जायचं होतं, कोरड्या मोज्यांत.

त्यांना तो दिसला तेव्हा ते ओरडले नाहीत. बुटात पाणी शिरलं तरी तसेच उकिडवे बसून राहिले. मग म्हणाले, "हिल्का." मोठ्या खड्याला नाव ठेवतात ना, त्यांनी आईचं ठेवलं. आणि रडले. आईच्या वेळी रडले नव्हते ते. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी होते आणि माझ्या मनात काय आलं सांगू? आलं की, झालं काम, आता सामान भरायला हरकत नाही.

संध्याकाळी रिवाजाप्रमाणे कॉफी झाली. ज्याला खडा मिळतो त्याने साऱ्या ओढ्याला कॉफी आणि गोड पाव द्यायचा. वरच्या वळणापासून सगळे आले. उर्होकाका म्हणाले, "ताइस्तो, ओढ्याला तुझी दया आली की कंटाळा?" मग भिंग लावून त्यांनी खडा फिरवून फिरवून पाहिला. "कडा बघा कशा गुळगुळीत झाल्यात. लांबून वाहत आलाय हा. म्हणजे वरच्या अंगाला अजून आहे!"

कडा तुझ्या खिशात घासल्या होत्या, दादा. शाळेची सगळी वर्षं. मी पाव वाटत होते.

दुसऱ्या दिवशी बाबांनी खड्डा वर हलवला. उर्होकाकांनीही त्यांच्या शेजारीच खणायला घेतलं, त्या दुखऱ्या कंबरेने. ज्याला काही सापडत नाही तो कधीतरी घरी जातो. ज्याला सापडतं तो जात नाही. मी त्यांचीच मुलगी, मला हे कळायला नको होतं? बाबा मला म्हणाले, "दवाखान्यात फोन कर. माझी तारीख दुसऱ्या कुणाला देऊन टाक म्हणावं. इथे आता कुठे लागलंय."

फोनला रेंज टेकडीवरच येते. चढून गेले. वरून बाबा खेळण्यातल्या माणसाएवढे दिसत होते. फावडं टाकून ते खाली बसले, छातीवर हात दाबून धरला. जरा वेळाने उठले आणि पुन्हा फावडं उचललं. मी फोन न करताच खाली आले आणि पाण्यात उभं राहून त्यांना सांगितलं की तो खडा मीच परातीत टाकला होता.

"कुणाचा खडा?" त्यांनी विचारलं.

"यार्कोदादाचा."

त्यांनी परात उचलली. मग ती पालथी घातली. "कॉफी ठेव," म्हणाले. "सगळ्यांना बोलाव."

मी गयावया केली. तुला ठाऊक आहे, बाहेरचं सोनं आणून इथलं म्हणून दाखवणाऱ्याच्या हातची कॉफी तिथे कुणी परत घेत नाही. सगळे आधी बाबांकडेच संशयाने बघणार होते. पण ते ऐकेनात. मी उभी राहून सगळ्यांसमोर सांगितलं. कोणी कपाला हात लावला नाही. शेवटी उर्होकाका म्हणाले, "म्हणजे मी माझी कंबर यार्कोच्या खिशासाठी मोडली?" एकदोघं हसले. काकांनी पाव उचलून कॉफीत बुडवला, मग बाकीच्यांनीही कप उचलले. पण वरच्या वळणावरची लेम्पी माझ्याकडे न बघता म्हणाली, "ताइस्तो, स्वतःच्या पोराचा खडा तुला ओळखू आला नाही?"

बाबा म्हणाले, "तो रोज माझ्या तोंडासमोर धरायचा. मी कधी नीट बघितलाच नाही."

त्यांच्या तोंडून हे असं, लोकांच्या देखत, माझ्यामुळे निघालं. माझी लाज मी कशीही सोसली असती. ही सोसवत नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपला खड्डा बुजवला, मग उर्होकाकांचाही बुजवायला लागले. मी फावडं घ्यायला गेले तर म्हणाले, "तू गाडी काढ." वाटेत एकच बोलले: "त्या खड्याचं नाव हिल्का नाही. काय ते नाव यार्को ठेवेल, त्याला ठेवायचं असेल तर."

आता ते इथे औलूच्या दवाखान्यात आहेत. ऑपरेशन येत्या गुरुवारी आहे. नर्स हसून सांगत होती की आजोबा विचारतात, तुमच्या तुर्कूहून कुणाचा फोन आला का. मला विचारत नाहीत. माझ्याशी फक्त सूप गरम आहे की गार एवढंच बोलतात.

खडा माझ्याजवळ आहे. या पत्राबरोबर पाठवत नाही. पोस्टाने पाठवला तर तो तुला मिळेल आणि तू येणार नाहीस. ही माझी दुसरी लबाडी समज, पण या वेळी तुला आधी सांगून करते आहे. बुधवारपर्यंत ये आणि बाबांसमोर माझ्या हातून काढून घे. मग मला हवं ते बोल, त्यांना हवं ते बोल. ऐकायला ते असतील तेव्हाच बोल.

व्हेन्लाला पापा. वहिनीला माझं काही सांगू नकोस.

तुझ्याकडे विश्वास मागायला तोंड नसलेली, तरी मागणारी

औती