मुठीतले पैसे

आत्याबाई, तुम्ही गेल्यावर बाजारात एक नवी वस्तू आली आहे. ती आधी सांगते, म्हणजे पुढचं तुम्हाला कळेल. तळहाताएवढा एक डबा असतो. गिऱ्हाईक आपला मोबाइल आपल्यापुढच्या छापील चौकोनावर धरतं, रक्कम टाकतं, की त्याच्या खात्यातले पैसे आपल्या खात्यात येतात आणि डबा मोठ्यानं सांगतो, ‘शंभर रुपये प्राप्त झाले.’ बाईचा आवाज आहे, शहरातल्या शिकलेल्या बाईचा, कधी चिडत नाही. भाजीवाल्यांकडं तो आहे, चपला शिवणाऱ्याकडं आहे, तुळजापुरात ओटीचं सामान विकणाऱ्या बायांपुढं आहे. गेल्या दिवाळीपासून आपल्या बांगड्यांच्या पेटीशेजारीही आहे. तुमच्या नातीनं आणून दिला. ती आता धाराशिवच्या दवाखान्यात नर्स आहे आणि तुमच्यासारखीच, एकदा बोलली की बोलली. “आई, हे नोटांचं गाठोडं घेऊन एसटीनं फिरायचं बंद कर. थोड्या दिवसांत रोख पैसे कुणी घेणारसुद्धा न्हाय,” म्हणाली.

तिचं खोटं नव्हतं, हे मी मान्य करते. सोलापूरच्या स्टँडवर तुमची थैली कापली गेली तो दिवस मला आठवतो. नवरात्राच्या मालासाठी साठवलेले पैसे होते. तुम्ही रिकाम्या हातानं घरी आलात, पाय धुतलेत, चहा मागितलात, आणि मग पुढचे दोन दिवस त्या चोराला अशा शिव्या दिल्यात की शेजारणी दळण निवडायचं निमित्त काढून आपल्या ओट्यावर ऐकायला बसायच्या. तिसऱ्या दिवशी पायातले तोडे गहाण ठेवून तुम्ही पुन्हा सोलापूरला गेलात. आता मी घरी बसून व्यापाऱ्याला पैसे पाठवते. तो माल गाडीवर घालतो, मी स्टँडवर जाऊन खोकी उतरवून घेते. ब्लाउजमध्ये पैशांचा रुमाल कोंबून, छातीवर हात दाबून पाच तास बसायला लागत नाही. हे तुमच्या वाट्याला आलं असतं तर तुम्ही त्या मोबाइलला हळदकुंकू लावलं असतं.

पण तुमची एक रीत होती, तिचं काय करायचं, हे मला कुठल्या कागदात वाचायला मिळालं नाही. कागद म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे. फिरोजाबादहून येणाऱ्या बांगड्या ज्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या असायच्या, तेच माझं वाचन. चौथीतून शाळा सुटली होती. त्या चुरगळलेल्या हिंदी पानांवर मी पुन्हा अक्षरं लावायला शिकले, मग मराठी वर्तमानपत्रं, मग वाचनालयातली पुस्तकं. तुम्ही म्हणायचात, “बांगडी बघ, कागद काय बघतीस?” पण मालाचा कागद कधी चुलीत घातला नाहीत. घडी करून माझ्या उशाशी ठेवायचात. आता त्याच पेपरांत मी वाचते की रोख पैसा गेला पाहिजे, म्हणजे चोरी जाईल, काळा पैसा जाईल, सगळं स्वच्छ दिसेल. सगळं दिसेल, इथंच माझं मन अडतं.

रंगीत बांगड्यांना तुमचा भाव असायचा आणि त्यात तुम्ही आठ आणेसुद्धा सोडत नव्हता. हिरव्या चुड्याला मात्र तुम्ही कधी भाव सांगितला नाही. रंगीताला भाव, हिरव्याला मूठ. पेटीच्या कडीला खणाची एक अरुंद तोंडाची थैली अडकवलेली असायची. चुडा भरून झाला की बाईनं पैसे मुठीत धरून हात थैलीत घालायचा, आत मूठ उघडायची आणि हात बाहेर काढायचा. मुकादमाची बायको असो की टोळीतली ऊसतोडणी करणारी असो, सगळ्यांचा हात सारखाच बाहेर यायचा. तुम्ही त्या वेळी कधी हाताकडं बघत नव्हता. बांगड्यांकडं बघत म्हणायचात, “शोभतोय गं. सुखी ऱ्हा.” ढोकीला कारखान्याचा हंगाम सुरू झाला की टोळ्यांमधल्या बायका आपल्याकडंच का यायच्या, हे बाकीच्यांना कळत नव्हतं. नवराबायकोच्या आगाऊ मजुरीची उचल नवऱ्याच्या हातात पडायची. बाईकडं असायचं ते इकडून तिकडून राखलेलं, कनवटीला बांधलेलं.

मी सून म्हणून आल्याचं दुसरं वर्ष. बाजार उठायला आला होता. एका बाईनं चुडा भरला, थैलीत हात घातला आणि काढला. नाण्याचा आवाज झाला नाही, नोटेची सळसळही झाली नाही. मी कान देऊन होते. परत येताना जीपमध्ये मी तुमच्या कानाशी लागून म्हणाले, “आत्याबाई, त्या बाईच्या मुठीत काहीच नव्हतं.” घरी आलो, तुम्ही भाकरीचं पीठ मळायला घेतलंत आणि परातीकडं बघतच म्हणालात, “तुझ्या कानाला लई काम कमी हाय व्हय गं?” मी म्हणाले, “पण फुकट घेऊन गेली ना.” तेव्हा तुम्ही हात थांबवलात. “रिकामा हात घेऊन कुणाला यावं वाटत न्हाय. ती मूठ वळून आली. म्हंजी तिला द्यायचं व्हतं. एवढं कळत नसंल तर उद्यापासनं घरी बस, भांडी घास.” मला राग आला. आपल्याच घरात त्या आठवड्यात तेल संपत आलं होतं आणि भाकरीबरोबरच्या कोरड्यासाला फोडणी नव्हती. तुमचा मोठेपणा आम्ही बिनतेलाचा खात होतो, असं मला तेव्हा वाटलं. थोडं आजही वाटतं. पण मला ठाऊक असलेल्या बायकांपैकी तुमच्याइतकं ताठ मानेनं, सरळ बसून जेवणारी दुसरी कुणी आठवत नाही.

तुमचा लेक गेला तेव्हा तुम्ही काय केलंत, ते मी कुणाला फारसं सांगत नाही. चौदाव्या दिवशी तुम्ही मला बाजारात नेलंत. माझे हात मोकळे होते. पेटी उघडल्यावर पहिल्यांदा माझ्याच मनगटात दोन साध्या बांगड्या चढवल्यात. मग एक गिऱ्हाईक आली आणि मला बघून अडखळली. “हिच्या हातनं चुडा भरायचा?” असं तुम्हाला विचारलं. तुमचे डोळे रडून सुजलेले होते, आवाज मात्र रोजचाच होता. “हिच्या हातनं नको असंल तर तिकडं पलीकडं प्लॅस्टिकच्या मिळत्यात बाई. फुटायची भीती न्हाय आन् हात कुणाचा ते बी बघायला नको.” ती बसली. मी भरल्या. त्या दिवशी एकही बांगडी वाढली नाही, टिचलीसुद्धा नाही. ते दुःख अजून आहे. माल लावताना, खोकं उचलताना ते बरोबर असतं, आता त्याचं वजन मला पाठ झालं आहे.

तर आता या वर्षीचं. लग्नसराईत आपल्याच गावातल्या दोघी जावा ढोकीच्या बाजारात चुडा भरायला आल्या. घरात दिराचं लग्न होतं, त्याआधी हळद फोडायला हात भरलेले हवे होते. थोरलीनं भरला, नवऱ्याचा मोबाइल होता, दीडशे टाकले. डब्यानं सांगितलं. धाकटी वीस-बावीस वर्षांची. तिच्याकडं स्वतःचा मोबाइल होता, सरकारचे महिन्याचे पैसे खात्यात येतात म्हणून घेतलेला. तिला सुटे, नोटा काहीच मिळालेलं नसावं. चुडा चढवत असताना ती खाली वाकून मला म्हणाली, “काकू, जमतंय तेवढं टाकते.” मी म्हणाले, “टाक की. हिरव्याला भाव न्हाय आपल्याकडं.” मला वाटलं, रीत तीच, फक्त थैलीऐवजी मोबाइल. तिनं टाकले आणि डबा त्या शहरी आवाजात, आजूबाजूच्या चार पालांना ऐकू जाईल असा बोलला, “वीस रुपये प्राप्त झाले.”

थोरली हसली. तिच्या मनात वाईट होतं असं मी म्हणणार नाही, पण हसली. “वीस? काकू, मग माझे एकशे तीस माघारी द्या की.” शेजारचा लसूणवालाही हसला. म्हणाला, “काकू, आमच्या घरच्यांना बी पाठवतो मग.” धाकटीनं बांगड्या काढायला घेतल्या. आत्याबाई, नुकता भरलेला चुडा बाजारात बसून हातातून काढताना मी इतक्या वर्षांत कुणाला बघितलं नव्हतं. अंगठा आत दाबून, हात आवळून ती एक-एक काढत होती. मी तिचा हात धरला, तिनं सोडवून घेतला. दोन वाढल्या. बाकीच्या सतरंजीवर ठेवून ती उठली आणि जावेच्या पुढं चालायला लागली. मनगटावर ओरखडा होता. मी डबा बंद केला, पण बोलायचं ते तो बोलून बसला होता.

घरी येऊन मुलीला फोन केला. ती म्हणाली, “अगं, आवाज बंद करता येतो. चूक डब्याची न्हाय, तू तो चालू ठेवला.” बरोबर आहे. मग मी विचारलं, “आन् मोबाइलात नोंद उरती, ती नवरा उघडून बघतो, ती कशी बंद करायची?” तिला ठाऊक आहे. दवाखान्यात येणाऱ्या किती बायका दहा रुपयाच्या केसपेपरसाठी बाहेर गाडीवर बसलेल्या माणसाला बोलवायला जातात, हे तिनंच मला सांगितलं होतं. मधे एकदा पाचशे-हजाराच्या नोटाच रद्द झाल्या होत्या. तेव्हा किती जणींनी डाळीच्या डब्यातलं, गोधडीच्या अस्तरातलं काढून घरच्यांपुढं ठेवलं आणि वर ‘एवढे लपवले होतेस?’ हे ऐकून घेतलं. तुम्ही तेव्हा नव्हता, ते बरं झालं. मला विचाराल तर व्यापाऱ्याचे, विजेचे, औषधाचे पैसे जाऊ द्यात मोबाइलनं, खुशाल जाऊ द्यात. पण बाईच्या मुठीत मावतील एवढे पैसे या देशात राहिले पाहिजेत. ते कुणाला दिसायला नकोत, सरकारला नकोत, सासूला नकोत, मलाही नकोत. “आई, हे मागासलेपण झालं,” मुलगी म्हणाली. “असंल,” मी म्हणाले.

लग्नाच्या आदल्या दिवशी त्या घरी चुडे भरायला मलाच बोलावणं होतं. लग्नघरी सगळ्यांचे पैसे घरधनीण एकदम देते, त्यामुळं तिथं कुणाच्या मुठीचा प्रश्न नसतो. तरी मी तुमची थैली धुऊन, वाळवून बरोबर नेली आणि पेटीच्या कडीला अडकवली. डबा घरीच ठेवला. पाहुण्या आलेल्या, गावातल्या, सगळ्या बसून गेल्या. धाकटी पदराखाली हात घेऊन चुलीपाशी काम काढत फिरत होती. मी उठून चुलीपाशी गेले. म्हणाले, “माझी चूक झाली पोरी. त्या डब्याला काय कळतं? मला कळायला पाहिजे व्हतं.” ती राखेकडं बघत म्हणाली, “चार दिवस झाले, जाऊबाई मला वीस म्हणून हाक मारत्यात.” मग थोडं हसली, आणि हात पुढं केला. तिथंच, चुलीपुढं, मी तिला भरल्या. दोन-चारच्या मापाचा हात, सवळ, मऊ, एकही अडली नाही. झाल्यावर तिनं मला नमस्कार केला, उठून पेटीपाशी गेली, थैलीत मूठ घातली, उघडली आणि हात बाहेर काढला. मी तिच्या मनगटाकडं बघत होते. “शोभतोय गं. सुखी ऱ्हा,” म्हणाले. थैलीतून आवाज आला की नाही, ते मी लिहीत नाही.

हे पत्र कुठं धाडायचं नाही. तुम्हाला वाचता येत नव्हतं, कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागलं असतं, आणि मग त्या पोरीची गोष्ट त्यालाही कळली असती. मालाच्या कागदांच्या घडीत ठेवून देते. एक मात्र कबूल करायचं राहिलं. डबा मी टाकून दिलेला नाही. रंगीत बांगड्यांना तो अजून चालू असतो, हिरवा चुडा काढला की बंद करते. मुलीला सांगितलंय की हिशेबाला बरा पडतो. खरं म्हणजे बाजार संपल्यावर, घरी कुणी नसताना, मी कधीकधी माझ्याच मोबाइलवरून त्याच्यावर एक रुपया टाकायला बघते. माझ्याच खात्यातून माझ्याच खात्यात तो जात नाही. म्हणून मुलीला फोन करून म्हणते, डबा नीट चालतोय का बघ, एक रुपया टाक. ती टाकते. डबा बोलतो. घरात तेवढाच एक आवाज होतो.