दोघांच्या डोक्यावरची टोपी

वालूर,
मंगळवार, १८ फेब्रुवारी २०२५

प्रिय सुमाताई,

सगळं फिरलं ते राणीसावरगावला, नागनाथ आजोबांनी टोपी उचलून भलत्याच डोक्यावर ठेवली तेव्हा. त्याच्या आधी मी तुम्ही म्हणाल तिथे बसत होतो आणि म्हणाल तिथून उठत होतो. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, नाहीतर नमस्कार-चमत्कारात पान संपेल आणि मी तेही फाडून टाकीन. सकाळपासून फाडतोच आहे.

तर नमस्कार. 'इकडील सर्व क्षेम' असं लिहायचं असतं, पण इकडे म्हणजे तू सकाळी ज्या न्हाणीत केस धुतलेस तेच घर. तुम्ही सगळे परभणीला बस्ता बांधायला गेलात आणि मी तापाचं सोंग करून मागे राहिलो. ताप नाही. आईच्या हाताला कपाळ गरम लागलं ते रागाने. नवरदेवाशिवाय लग्नाचे कपडे कसे घ्यायचे म्हणून अण्णा दारात अडून बसले होते, तर तूच म्हणालीस, "राहू द्या, त्याच्या मापाचा जुना शर्ट घेऊन जाऊ." तुझे उपकार. तो शर्ट पिशवीतून बाहेर काढला नसशील तर काढूच नको.

समोरासमोर बोलता आलं असतं, पण आपलं बोलणं तुला माहीत आहे. मी ओरडतो, तू रडतेस, आई देवापुढे जाऊन बसते. कागदावर निदान माझा आवाज चढत नाही. अक्षर मोठं होईल, तेवढं सांभाळून घे.

शेजारची कडूबाई हरभऱ्याचे डहाळे देऊन गेली. विचारत होती, "नवरदेव गेला न्हाई व्हय बस्त्याला?" मी म्हणालो, ताप आहे. तर म्हणते, "लग्नाचाच आसंल." आणि हसत गेली. मला मात्र घरात एका जागी बसवेना. ओसरी, माजघर, परत ओसरी. ही ओळसुद्धा चुलीजवळ उभ्याने लिहितो आहे.

ताई, त्या दिवशी जेवताना तू आणि दाजी माझ्यावरून भांडलात, तेव्हापासून मी तुला हे लिहायचं म्हणतोय. नांदेडच्या डॉक्टरांनी अण्णांना सांगितलं होतं, "याला औषध नाही, कारण हा आजारच नाही. काही माणसं अशी असतात." अण्णांनी त्यातलं 'औषध नाही' तेवढं घरी आणलं. तू 'अशी असतात' आणलंस. मधलं कुणीच आणलं नाही.

तू म्हणालीस, "जन्मजात हाय त्याचं, अण्णा. एखाद्याचा पाय अधू असतो तसं. त्याचा काय दोष?" आणि पुरावा काय दिलास, तर मी लहानपणी तुझा फ्रॉक घातला होता. अगं, तो तूच मला घातलास! मामाच्या नव्या मोबाईलवर फोटो काढायचा होता म्हणून. मी तर भोकाड पसरलं होतं, फोटोत दिसतंय.

आणि दाजी काय म्हणाले? "कसलं जन्मजात वो? संगत आसती सगळी. कॉलेजात बिघडलं पोरगं. ठरवलं तर सुटतंय. मी तंबाखू सोडली न्हाई का?" तेव्हा तू त्यांच्या खिशाकडे बघितलंस ते मी पाहिलं.

मी त्यांना सरळ विचारलं, "दाजी, तुमी कवा ठरवलंत बायका आवडायच्या ते? दहावीला का बारावीला?"

"आमी काय ठरवायचं त्यात? ते आसतंयच."

आईने न मागता माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. दाजींच्या लक्षात आलं नाही, पण त्यांनी माझंच बोलून दाखवलं होतं.

गंमत पुढेच आहे. तू म्हणतेस जन्मजात आहे, बदलायचं नाही, म्हणून झाकून ठेव आणि लग्न कर. दाजी म्हणतात बदलतंय, म्हणून लग्न कर. एवढं हमरीतुमरीवर येऊन भांडलात आणि दोघांनी मला एकाच मांडवात आणून सोडलं.

माझं विचारशील तर मला ठाऊक नाही. मी मागे जाऊन जाऊन शोधलं. सातवीत कबड्डीच्या सामन्याला सेलूच्या संघात एक मुलगा होता, कपाळावर माती लागलेली. त्याच्याकडे बघता बघता मी चढाई करायची विसरलो आणि सरांनी शिव्या दिल्या. ते मला कुणी शिकवलं नव्हतं, मी ठरवलंही नव्हतं. पण समजा, ठरवलं असतं, तरी मी कुणाचं काय लुटलं असतं? जन्माचा दाखला आणल्याशिवाय मला माणसात घ्यायचंच नाही का? आणि तू माझी वकिली करतेस ती मी लंगडा आहे म्हणून. माझा पाय अधू नाही, ताई. तुझ्या तोंडून ते ऐकलं तेव्हा दाजींच्या तंबाखूपेक्षा जास्त लागलं.

आता टोपीचं. त्या दिवशी तुझ्या शाळेची तपासणी होती म्हणून तू राणीसावरगावला नव्हतीस. गेलो ते अण्णा, दाजी आणि मी. निवेदिताच्या दारात उतरल्यावर अण्णांच्या ध्यानात आलं की आपण तिघंच. तीन तिघाडा, काम बिघाडा. मुलगी बघायला तिघांनी जायचं नसतं. झालं, अण्णांनी क्रूझरच्या ड्रायव्हरला हाक मारली, "ये रं बाबा, तूबी बस आत. चौघं होऊ दे."

तो आत आला आणि माझ्या शेजारी बसला. त्याने पांढरा शर्ट घातला होता आणि मान खाली होती. मी पंख्याकडे डोळे वटारून बघत होतो. निवेदिता पोहे देऊन गेली, अण्णांनी तिला चार प्रश्न विचारले, दोन्हीकडून माना हलल्या. टॉवेल-टोपी करायची म्हणजे बोलणं पक्कं. तिचे नागनाथ आजोबा म्हणाले, मान माझा. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण ऐकतात कुणाचं? चाचपडत आले, त्याच्या कपाळाला कुंकू लावलं, खांद्यावर टॉवेल टाकला आणि टोपी त्याच्या डोक्यावर ठेवली.

"आवो आजोबा, त्यो गाडीवाला हाय!"

"मंग लाजायलाय कशाला? मी म्हन्लं नवरदेवच लाजतंय!"

आख्खी ओसरी हसली. कुणीतरी म्हणालं, "दोन नवरदेव झाले की वो! एकाला भाडं देऊन लावा वाटंला!" त्याच हशात ती टोपी त्याच्या डोक्यावरून काढून माझ्या डोक्यावर ठेवली.

ताई, ती गरम होती.

टोपी काढता आली, पण कुंकू राहिलं. परत येताना मी त्याच्या मागे बसलो होतो आणि आरशात त्याचं कपाळ दिसत होतं. गंगाखेडला अण्णा म्हणाले, "पूस की रं ते." तो म्हणाला, "घाम आला की जाईल, काका." वालूर येईस्तोवर त्याने पुसलं नाही.

तुला कळलं असेल. नसेल तर लिहितो. धम्मानंद. ज्याच्या गाडीत बसून तू आज परभणीला गेलीस तोच. कॉलेजातला कुणी नव्हताच. मी शनिवारी घरी यायचो, सोमवारी सेलूपर्यंत त्याच्याच गाडीने जायचो, पुढच्या सीटवर. हॉस्टेलवर पोरांनी माझा मोबाईल उघडून त्याचे मेसेज मोठ्याने वाचले, मी एकाच्या कानाखाली वाजवली आणि पेटी उचलून आलो. बोभाटा घरापर्यंत आला, नाव तेवढं आलं नाही. तुम्हाला वाटलं, कॉलेज सुटलं, संगत सुटली. आईने नारळ फोडला. आणि तो रोज आपल्या पारावरून हॉर्न वाजवत जात होता.

अण्णांना काय जास्त लागेल, तो मुलगा आहे हे, की तो बुद्धविहाराजवळच्या वस्तीतला आहे हे, मला सांगता येत नाही. तेही जन्मजातच असेल.

मी फितूर झालो असं समजू नको. त्याला विचारूनच त्याचं नाव लिहिलं आहे. त्याचं म्हणणं वेगळंच आहे. म्हणतो, "जीव कुणावर जडावा ते हातात न्हाई. तोंड मिटून बसणं हातात हाय. तू कर लग्न. वरातीला गाडी मीच आणतो, फुलं लावून." मी त्याच्या गाडीची काच फोडायला धोंडा उचलला होता. तो म्हणाला, "फोड. पण उद्या पाशिंजर कुठं बसवू?" असा माणूस आहे. त्याच्यावर धड रागावताही येत नाही.

आज सकाळी तुम्ही पिशव्या आवरत होतात तेव्हा मी त्याला विचारलं, ताईला सांगू का? तो काच पुसत होता. पुसलेलीच पुन्हा पुसली. मग म्हणाला, "सांग. ताईलाच. आन् मी यांना घेऊन येईन तवा तू घरात राहू नको. तुझ्या अण्णाकडं बघवणार न्हाई मला." जा म्हणाला की नंतर ये म्हणाला, कोण जाणे. तो माझा होईल की नाही हेही मला ठाऊक नाही. त्याच्या भरवशावर मी निघत नाही, एवढं खरं मान.

मी निवेदितासाठी निघतोय. परवा तिला फोन केला आणि सगळं सांगितलं, धम्मानंदचं नाव सोडून. ती म्हणाली, "हे टोपी ठेवून घ्यायच्या आधी सांगायचं होतं तुमी." मी म्हणालो, चुकलं. तर म्हणाली, "चुकलं म्हणून मोकळे व्हायलात. आता मी न्हाई म्हन्लं तर माझ्यातच खोट काढतील. गावात माझं लग्न मोडलं म्हणतील, तुमचं न्हाई. तुमी या आन् आजोबांसमोर तुमच्या तोंडानं सांगा, पोरीत काही कमी न्हाई म्हणून." उद्या त्यांच्याकडचे बस्त्याला निघणार आहेत. म्हणून आजच.

ती मला शिव्या देऊन मोकळी झाली असती तर सोपं गेलं असतं. तिने काम दिलं. गेली दोन वर्षं मला कुणी काम दिलं नाही, सगळ्यांनी कारणंच दिली.

तिचे भाऊ मारतील कदाचित. मारू दे. मी हात उचलणार नाही, असं स्वतःला बजावतोय. तूही मनात म्हण.

तुला एवढंच सांगणं, साड्यांच्या घड्या मोडू नका, दुकानदार परत घेईल. अण्णांना पाणी दे, मग सांग. आणि इथून पुढे माझ्यासाठी कुणापुढे 'बिचारा जन्मजात' म्हणू नको. कुणी विचारलं तर म्हण, आमच्या बापूला ठाऊक नाही तो असा कधीपासून आहे, पण खोटं लग्न करायचं नाही हे त्याने स्वतः ठरवलं.

टॉवेल पिशवीत घेतलाय, आजोबांच्या हातात परत देईन. टोपी देणार नाही. ती माझ्याकडेच राहील, तिचं काय करायचं ते धम्मानंदने ठरवावं.

हे पत्र डहाळ्यांखाली ठेवतो, तू आल्या आल्या तिकडेच जाशील. भाकरी झाकून ठेवल्यात. किल्ली कडूबाईकडे. सेलूची गाडी फाट्यावर आलेली दिसते, हॉर्न त्याचा नाही. आपलं दार जोरात ओढल्याशिवाय लागत नाही आणि मग गल्लीभर आवाज होतो. आज होऊ दे. पेन ठेवतो, बाहेर पडतो आणि दार ओढून घेतो.

तुझाच,
दोन्ही पाय धड असलेला,
बापू