पिल्लू घरी पोचल्याचे लेखी मिळण्याबाबत

प्रति,
मा. मुख्य ग्रंथालय अधिकारी,
मध्यवर्ती कार्यालय, तिसरा मजला (लिफ्ट बंद).

विषय : बालविभागातील एका उंदराबाबत आपला निर्णय मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपले परिपत्रक, 'शिक्का प्रत्येक चित्राच्या मध्यभागी, ठळक मारावा.'
२) मला बजावलेली कारणे दाखवा नोटीस.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सादर करते की, गेल्या महिन्यात बालविभागासाठी एकेचाळीस नवीन चित्रपुस्तके आली. शिक्के मारण्याचे काम आमच्या शिपाईमामांकडे दिले. मामांची निष्ठा वादातीत आहे. त्यांनी हत्तीच्या डोळ्यांवर, राजाच्या नाकावर आणि एका बदकावर असे शिक्के हाणले, की ते बदक आहे हे कळत नाही, कोणाच्या मालकीचे आहे एवढेच कळते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मुले शिक्क्यासकट हत्ती चालवून घेतात.

२. अडचण उंदराची आहे. एका पुस्तकात उंदराचे पिल्लू हरवते, आई त्याला अकरा पाने शोधते आणि बाराव्या पानावर ते घरी सापडते. त्या पानावर मजकूर नाही. फक्त अंथरूण, आणि मध्यभागी पिल्लू. मध्यभाग म्हटल्यावर मामांचाही नाइलाज झाला. पिल्लू सध्या संपूर्णपणे जांभळ्या गोलाखाली आहे.

३. कोपऱ्यावरच्या शिंपीणबाईंची पाच वर्षांची नात हे पुस्तक रोज मागत असे. पहिल्या दिवशी तिने शेवटचे पान उलटून मागे पाहिले आणि विचारले, "मावशी, ते आलंच नाही का गं घरी?" आलंय, शिक्क्याखाली आहे, असे मी सांगितले. तिने नखाने खरवडून पाहिले व भोकाड पसरले. मलाही फार वाईट वाटले, हे येथे नमूद करते.

४. सबब मी कागदावर स्वतः उंदीर काढून शिक्क्यावर चिकटवला. माझी चित्रकला बेताची असल्याने तो जरा बटाट्यासारखा झाला, तरी मुलीने मान्य केला. परंतु तपासणीस आलेल्या साहेबांनी शिक्का झाकल्याबद्दल मला नोटीस दिली, आणि नवीन चित्र बिनशिक्क्याचे आढळले म्हणून त्यावरही शिक्का मारण्याचा आदेश दिला. मामांनी तो जागच्या जागी पाळला.

५. नोटिशीचे उत्तर : होय, मीच केले. खुशाल बदली करावी. फक्त तळघरातल्या नकाशा विभागात नको, तिथे पाली आहेत.

६. मुलीचा आता माझ्यावर विश्वास उरलेला नाही. ती येते, बाकावर बसते, पण एकही पुस्तक उघडत नाही. कोणाचे पिल्लू कुठे अडकेल याचा नेम नाही, असे तिला वाटते. काल एवढेच म्हणाली, "शिक्का तुझ्या साहेबांचा आहे ना? मग त्यांनाच विचार, ते पोचलं का." सबब हा अर्ज.

तरी विनंती की, अद्याप कोऱ्या असलेल्या नऊ पुस्तकांवर शिक्का मलपृष्ठाच्या आत मारण्यास परवानगी द्यावी. तसेच सोबतच्या पुस्तकाच्या बाराव्या पानावर, जिथे जागा सापडेल तिथे, "पिल्लू घरी पोचले" असे स्वहस्ते लिहून सही करावी. मुलगी रोज चार वाजता येते; पुस्तक शुक्रवारपर्यंत परत मिळावे.

कृपया शिक्का मारू नये.

आपली नम्र,
(सही)
ग्रंथपाल, बालविभाग
दिनांक : ११, मंगळवार

सोबत : १) पुस्तक, एक.
२) उंदीर, दोन (दोन्ही शिक्क्याखाली).