कालिओपीची भूक

पिरेयस, शुक्रवार

तीर्थस्वरूप कालिओपी आत्यास, पिरेयसच्या भाच्याचा, स्त्रातिसचा नमस्कार आणि दोन्ही हातांना मुके.

तुझा गुडघा कसा आहे? उत्तरेच्या वाऱ्यानं यंदा लिंबाची झाडं झोडपली असं ऐकलं, खरं का? मी बरा आहे, म्हणजे चालता-बोलता आहे. बसलं की उठावंसं वाटतं, उठलं की कॉफी प्यावीशी वाटते आणि कॉफी प्यायली की बसवत नाही. हे पत्रसुद्धा निम्मं उभ्यानं लिहितोय. (फोन का केला नाही, असं विचारशील. तू फोनवर एवढ्या मोठ्यानं बोलतेस की शेजारच्या खोलीत काकांना तुझा शब्द न् शब्द ऐकू जातो, आणि हे त्यांनी ऐकायचं नाहीये.) म्हणून संध्याकाळी तुमच्या आंद्रोस बेटाकडे निघणाऱ्या बोटीवर ओळखीच्या माणसाकडे देतोय.

तर तो नवा कायदा. येत्या जानेवारीपासून युरोपच्या बंदरांत ये-जा करताना जहाज जेवढा धूर ओकेल, तेवढ्याचे परवाने बाजारातून विकत घेऊन सरकारजमा करायचे. हे कळवणारं लांबलचक पत्र ऑफिसात आलं तेव्हा ते शेवटपर्यंत वाचणारा मी एकटाच निघालो, आणि एवढ्या पापाबद्दल काकांनी मला कंपनीचा कार्बन अधिकारी करून टाकलं. पगार तोच. खुर्ची मात्र खिडकीपासून उचलून त्यांच्या दाराशी आणली. "धूर आपला, आभाळ देवाचं, मग पैसे घेणारे हे मधले कोण रे?" असं ते येता-जाता विचारतात, आणि उत्तर मी द्यायचं, जणू काही कायदा मीच केलाय!

खलाशांच्या संत निकोलसच्या सणाला पाद्रीबाबा नेहमीप्रमाणे ऑफिसला आशीर्वाद द्यायला आले. तुझ्या भावानं त्यांना मुद्दाम माझ्या टेबलाशी आणलं. "इथं जरा जास्त शिंपडा बाबा, सगळी पीडा इथं बसलीय." बाबांनी तुळशीची जुडी बुडवून असा काही फटकारा मारला, की माझ्या कॉम्प्युटरनं जागच्या जागी मान टाकली. वर्षभराचे आकडे त्यातच. (काका म्हणाले, "बघ, देवालाही पटत नाही.") ते सगळं पुन्हा मांडत बसलो, तेव्हा दिसलं की आपल्या चार जहाजांत सगळ्यांत खादाड आहेस तू. म्हणजे तुझ्या नावाचं जहाज गं! पण ऑफिसात 'जहाज' हा शब्द कुणी लावत नाही, त्यामुळे दिवसभर कानावर पडतं ते असं: कालिओपी फार खाते, कालिओपीचं वय झालं, कालिओपीचं बूड एकदा खरवडून घेतलं पाहिजे. रागावू नकोस.

मी चारही जहाजांना कडक परिपत्रक काढलं. वाईट दिवस येताहेत, तेल जपून वापरा. बाकीच्या तिघींनी ऐकलं, कालिओपीचा खप वाढला. मी आणखी कडक शब्दांत लिहिलं, तो आणखी वाढला. शेवटी काकांनी एक सल्लागार बोलावला. त्यानं ऑलिव्ह चघळत आकडे बघितले आणि सांगितलं, की ही बाई तुम्हाला परवान्यांपायी भिकेला लावेल, नव्या वर्षाच्या आत भंगारात काढा. दलालानं अलंगच्या किनाऱ्यावर तोडणारं गिऱ्हाईकही आणलं. सोमवारी दुपारी काका सही करणार.

आत्या, सरळच सांगतो, मला हे बघवत नाही. ती पहिल्यांदा पाण्यात उतरली तेव्हा तू बाटली फोडलीस आणि फेस काकांच्या नव्या सुटावर उडाला, तो फोटो अजून त्यांच्या खुर्चीमागे आहे. त्याच्याच खाली बसून ते तिला तोडायला देणार. आणि आतोबांचं काय? अर्धं आयुष्य ज्या माणसानं तिच्या इंजिनाशेजारी काढलं, त्याला आंद्रोसच्या कॉफीच्या टपरीवर पत्ते खेळायला बसवायचं? (थांब, काका आले. गेले. खिडकीपाशी उभे राहतात, समुद्राकडे बघतात आणि परत जातात. गेला आठवडाभर हेच.)

बुधवारी कालिओपी इथं शेजारीच पेरामाच्या धक्क्याला लागली, तेव्हा टाक्या मोजायला मी स्वतःच चढलो. आतोबांनी मला शिडीवरच मिठी मारली आणि थेट जेवणाच्या खोलीत नेलं. नाताळचा उपास, म्हणून पांढऱ्या घेवड्याचं सूप. मग ऑक्टोपस. मग तिळाचा हलवा. मग दारूचा छोटा पेला, 'पोटाला बरा असतो' म्हणून. मी उठलो की नवी ताटली समोर. "टाक्या कुठं पळून जाताहेत? खा!" मला तिथंच शंका यायला हवी होती, कारण आतोबांनी कुणाला दुसऱ्यांदा वाढल्याचं तूही कधी बघितलं नसशील. शेवटी संडासला जातो म्हणून सटकलो आणि तेलाच्या टाकीत मोजायची फीत सोडली. रोज दुपारी ते ऑफिसला जे कळवतात त्याप्रमाणे त्या टाकीत तळाचा गाळ तेवढा असायला हवा होता. फीत चांगली वरपर्यंत काळी होऊन आली आणि माझी नवी पँट कामातून गेली.

वळून बघतो तर आतोबा मागे उभे.

"आतोबा, हे काय?"

"खिसा."

"कसला खिसा?"

"अरे, प्रत्येक चीफ इंजिनियरचा असतो. रोज थोडं जास्त जळालं म्हणून कळवायचं, तेवढं बाजूला पडतं. वादळात अडकलो, तुम्ही तेल पाठवायला उशीर केलात, तर मी काय जहाज प्रार्थनेवर चालवू?"

"पण एवढं?"

"तूच लिहिलंस ना, वाईट दिवस येताहेत म्हणून! मी म्हटलं, पोरगा शिकलेला आहे, उगाच नाही लिहिणार."

आत्या, मी तिथंच पायरीवर बसलो. मी घाबरवायचो, ते साठवायचे, कालिओपी खादाड दिसायची, की मी पुन्हा घाबरवायचो! पूर्वी हे चालून गेलं, कारण न जळलेल्या तेलाचा धूर कुणी मोजत नव्हतं. आता तो न निघालेला धूरही आपण विकत घेणार, आणि त्याच्यापायी जहाज मोडणार. मी म्हटलं, आजच काकांना सांगा. त्यांचा चेहरा एकदम उतरला. "तुझ्या काकानं माझ्या शब्दावर कधी दुसरा माणूस पाठवला नाही रे. आता त्याला सांगू, की रोज दुपारी खोटं कळवत होतो? त्यापेक्षा जहाज गेलेलं परवडलं." आणि काकांना बोलणार नाही अशी संत निकोलसची शपथ घातली मला. (तुला सांगायचं नाही, असं काही ते म्हणाले नाहीत. मीही आठवण करून दिली नाही.)

असो. तुझ्याकडे काही काम नव्हतं, मन मोकळं करावं म्हणून लिहिलं. गुडघ्याला जप, वाऱ्यात बाहेर पडू नकोस.

तुझा,
स्त्रातिस

ता. क. काम आहे. रविवारी चर्चनंतर आतोबांचा तुला फोन येईल. ते जगात फक्त तुलाच घाबरतात. वदवून घे, आणि सोमवारी सही व्हायच्या आत काकांना स्वतः सांगायला लाव. परवान्यांसाठी आपले तेलाचे आकडे तपासायला बाहेरून ज्या बाई येतात, त्यांनाही ते चीफ इंजिनियरच्याच तोंडून ऐकायचं असतं, माझ्या नाही.

आणखी ता. क. कॉफी आणायला गेलो, परत येतो तर काका माझ्या खुर्चीत बसून हे पत्र वाचत होते. (मी शपथ मोडली नाही, वाचलं त्यांनी.) शेवटचं पान संपवून त्यांनी ते टेबलावर पालथं ठेवलं. मग म्हणाले, "खिसा आहे हे ठाऊक होतं रे मला. दाजींच्या खिशात काहीतरी असणारच, या भरवशावर मी हिवाळ्यात झोपतो. एवढा फुगलाय हे कुठं ठाऊक होतं?" मग दलालाला फोन करून सौदा मोडला, कोणत्या शब्दांत ते तुला लिहिण्यासारखं नाही. आत्या, मला रडूच आलं. तू मात्र आतोबांना यातलं काही कळू देऊ नकोस, आपण आपणहून बोललो असंच त्यांना वाटू दे, हा काकांचा निरोप. "आणि दाजींना यापुढे सगळं खरं कळवायला सांग," म्हणाले. दारापर्यंत गेले आणि परत आले. "अगदी सगळं नको." मी कार्बन अधिकारी म्हणून आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर आवाज चढवला. तेव्हा कुठं सगळं कळवू द्यायला कबूल झाले.

शेवटची ता. क. हे काकांनी वाचलेलं नाही. कालिओपीला पुढल्या वर्षी किती परवाने लागतील तो आकडा आत्ताच त्यांना दिला. खरं तर त्याहून थोडे कमीच लागतील. पण वेळप्रसंगी हाताशी असलेले बरे, नाही का? कुणाला बोलू नकोस.