आडव्या खाचेचा स्क्रू

मंगळवार, दिवेलागणीनंतर

मी घरी जुळवलेला गिटारचा अ‍ॅम्प, बँजो पार्टीवाल्या बबनने मुरबाडच्या हळदीला नेला होता, तो आज परत आणून दिला. गिटार जोडली तर आवाज अगदी स्वच्छ. नेहमीची घरघर गेली कुठे?

"उघडला होतास का रे?"

"नाय ओ काका. तुमच्या डब्याला कोनी बोट लावलेलं तुमाला चालतं का?" आणि हसला. का हसला?

आतला स्पीकर आमच्या शाळेचा, शाळेने टाकून दिलेला. त्यातून सकाळी कविता लागायची, अख्खा वर्ग डोलायचा. तोच बदलला असेल तर? मागच्या फळीच्या स्क्रूंच्या खाचा मी नेहमी उभ्या ठेवतो. आज एक आडवी. हात न लावता?

बबन गेल्यावर फळी काढलीच. स्पीकर माझाच, त्यावरचं कागदी ठिगळही माझंच. फक्त सुटत आलेल्या एका तारेला नवं, चकचकीत सोल्डरिंग.

म्हणजे दुरुस्त केला आणि नाही म्हणाला. माझ्या धाकाने? विचारायला हवं. पण विचारलं तर मी त्याच्या पाठीमागे तपासलं, हे कळेल. आणि आमच्या या खर्डी गावात माझी गिटार ऐकायला तो एकटाच येतो.